काकांची आरएनए टेस्ट करायची का?

प्रश्न : काकांच्या पाठीवर नि हातावर मिळून सात-आठ बधिर चट्टे आलेत. सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवलं, कुष्ठरोग निघाला, एमडीटी म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र द्यायची ट्रीटमेंट चालू झाली. माझा धाकटा भाऊ बायोटेक करतो, तो म्हणतो मायक्रोआरएनए-21 वाढलं की रोग पसरतो आणि व्हिटॅमिन डीचं काम अडतं. मग ती टेस्ट करू का? व्हिटॅमिन डीचा जास्त डोस देऊ का? काकूंनी काकांचं ताट-तांब्या पण वेगळं केलंय. – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी ताट परत एकत्र करा, आजच. एमडीटी सुरू झाली की काकांपासून लागण व्हायचा धोका लवकरच संपतो, आणि जेवणाच्या भांड्यातनं हा रोग पसरत नाही.

भाऊ सांगतोय ते खरंय. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनए या रेणूचे साधारण 22 रासायनिक अक्षरांचे बारके तुकडे, त्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही पण कुठलं प्रोटीन किती बनू द्यायचं यावर त्यांचा ताबा असतो. 2012 च्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांच्या अंगभर जंतू पसरलेत अशा पेशंटच्या चट्ट्यात 21 नंबरचं जास्त असतं, मोजकेच चट्टे असणाऱ्यांत कमी, आणि ते वाढलं की पेशीत व्हिटॅमिन डीला कामाचं रूप देणारं एन्झाइम दबतं, मग जंतू मारणारी कॅथेलिसिडिन, डिफेन्सिन ही प्रोटीन्स कमी बनतात. लॅबमध्ये ते 21 अडवलं तर पेशी परत जंतू मारायला लागल्या! एकाच जंतूनं एकाला दोन चट्टे नि दुसऱ्याला सगळं अंग का, याचं एक उत्तर यात मिळतंय म्हणून मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं.

पण काकांची ट्रीटमेंट त्या टेस्टवर ठरत नाही. पाचपेक्षा जास्त चट्टे म्हणजे रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन, डॅप्सोन 12 महिने, तेही फुकट. व्हिटॅमिन डीचा मोठा डोस मनानं देऊ नका, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो, आणि इथं अडचण आहे ती पेशीच्या आत.

लघवी लालसर होईल, कातडी काळवंडेल, त्याला घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एक डोस तुम्हाला मिळतो का ते पण तिथंच विचारा. आणि चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नसा ठणकायला लागल्या, हाताची पकड ढिली झाली किंवा डोळा लाल झाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, वेळेत स्टिरॉइड मिळालं तर नस वाचू शकते, एमडीटी मात्र त्यातही चालूच ठेवायची.