दुधातली गोळी

“मावशी, मी ३३ वर्षांचा, इंदूरला सुदामा नगरात राहतो. लग्नाला तीन वर्षं झाली, दोन वर्षांपासून मूल हवंय. पाच वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला होतो, तेव्हा मित्रांच्या नादाने एकदा नको तिथे गेलो. आठवड्याभरात लघवीला जळजळ सुरू झाली, स्राव यायला लागला. मित्राने मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, तीन दिवसांत सगळं थांबलं. कुणाला बोललो नाही. आता बायकोच्या तपासण्या चालू आहेत, आईचे उपास-नवस चालू आहेत. परवा माझा सीमेन रिपोर्ट आला. काउंट १ कोटी १० लाख, पस सेल्स १२ ते १५. डॉक्टरांनी आई आणि बायकोसमोरच विचारलं, पूर्वी काही इन्फेक्शन? मी नाही म्हणालो. युरिन कल्चर तर नॉर्मल आहे. दहा दिवसांनी बायकोच्या नळ्यांची डाय टाकून तपासणी आहे. हे सगळं त्या प्रकारामुळेच झालं का? तिलाही औषध लागणार असेल तर व्हिटॅमिन म्हणून किंवा रात्रीच्या दुधातून दिलं तर चालेल का? मला संसार मोडायचा नाहीये.”

(हे उत्तर त्याला आधीच कळवलं होतं. आता त्याला विचारून, ओळख पटेल असं सगळं काढून छापते आहे.)

अरे, आधी त्या दहा दिवसांचं बोलू, कारण ते संपत चाललेत. नळ्यांच्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडातून डाय आत सोडतात आणि एक्स-रे काढतात. तिथे क्लॅमिडियासारखा, संबंधातून लागणारा जंतू दबा धरून बसलेला असेल, तर त्या डायबरोबर तो वर नळ्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून संसर्गाची शंका असेल तर आधी ती फेडून घेतात, नाहीतर आधी औषध देतात. तुझ्या डॉक्टरांनी विचारलं ते बरोबरच होतं. विचारलं मात्र चुकीच्या वेळी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको, अशा खुर्चीत बसून कुठला मुलगा खरं सांगेल? पण ते उत्तर अजून बदलता येतं. आज एकट्याने फोन कर आणि सांग: “त्या दिवशी मी खोटं बोललो. पाच वर्षांपूर्वी स्राव झाला होता, औषध धड घेतलं नव्हतं.” एवढंच. पुढची तारीख धरायची की ढकलायची ते डॉक्टर ठरवतील.

आता तुझा पहिला प्रश्न. त्यामुळेच झालं का? या रिपोर्टवरून कुणालाच तसं म्हणता येणार नाही. वृषणाच्या पाठीशी एक बारीक नळी वेटोळं घालून बसलेली असते. उलगडली तर जवळजवळ सहा मीटर, म्हणजे सहावारी साडीपेक्षा थोडी लांबच. शुक्राणू तिच्यातून पुढे सरकता सरकता पोहायच्या लायकीचे होतात. गनोरिया (परमा) किंवा क्लॅमिडिया मूत्रमार्गातून तिथवर चढला तर ती सुजते, आणि सूज उतरताना आत व्रण राहून वाट बुजू शकते. दोन्हीकडची वाट पार बंद झाली तर काउंट शून्य येतो. तुझा शून्य नाही. वृषण सुजून दुखल्याचंही तू काही लिहिलेलं नाहीस. वाट न बुजता नुसता काउंट किती घसरतो, यावर संशोधकांचंही एकमत नाही.

शिवाय त्या आकड्याचा एवढा धसका घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जी खालची रेघ धरली ती मिलीलिटरला १ कोटी ६० लाखांची, आणि ती काढली आहे बाप झालेल्या पुरुषांच्याच मोजणीवरून. त्यांच्यातही शंभरातले पाच त्या रेघेच्या खाली होते. दोन महिन्यांपूर्वी सणकून ताप आला असेल तरी काउंट पडतो. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असल्या तरी पडतो. पस सेल्सचंही, म्हणजे पांढऱ्या पेशींचंही, तसंच: साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कच्चे शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी सारख्याच दिसतात, वेगळा रंग टाकून बघावं लागतं. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत.

कल्चर नॉर्मल आहे म्हणून तू जो सुस्कारा टाकलायस, तो मात्र परत घे. क्लॅमिडिया जिवंत पेशीच्या आत वाढणारा जंतू आहे, नेहमीच्या कल्चरच्या थाळीत तो उगवतच नाही. त्याला पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी लागते, तीही लघवीच्या पहिल्या धारेवर, आणि आधी निदान तासभर लघवीला गेलेलं नको. त्याचबरोबर एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आणि हिपॅटायटिस बी पण करून घे. आणि मित्राच्या गोळ्यांचं म्हणशील, तर स्राव थांबला म्हणजे जंतू मेला असं नव्हे. गनोरिया आणि क्लॅमिडिया पुष्कळदा जोडीनेच येतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि गनोरियाने तर इतक्या जुन्या गोळ्या पचवल्यात की आता त्याला बहुतेकदा इंजेक्शन देतात.

रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर ज्यांची नावं रंगवलेली असतात, त्या गुप्तरोगवाल्यांकडे जाऊ नकोस. एम. वाय. हॉस्पिटलच्या त्वचा व गुप्तरोग विभागात जा, नाहीतर चांगल्या युरोलॉजिस्टकडे. सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिकं असतात, तिथे तपासणी आणि औषध फुकट मिळतं. तोंडाने बोलायची हिंमत होत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आधी तिथे बोलून बघ.

आणि आता ते दूध. ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला.

क्लॅमिडियासाठी डॉक्सीसायक्लीन देतात, दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदरपणात ती टाळतात, दुसरं औषध देतात. तुम्ही दोघं मुलासाठी धडपडताय, दिवस राहिलेत की नाही हे तिचं तिलाही अजून ठाऊक नसेल, आणि तू तिला तीच गोळी गुपचूप देणार? तिला एखाद्या औषधाची ॲलर्जी असली तर? शिवाय दुधाबरोबर घेतली की ही गोळी अंगी कमीच लागते, म्हणजे तुझा बेत औषधाच्या हिशेबानेही फसलेलाच. आणि समज, पुढे कधी तिचं ओटीपोट दुखायला लागलं. कुठलीही डॉक्टर विचारेल, पूर्वी काही संसर्ग? ती अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणेल. नळीला इजा झालेली असली तर गर्भ नळीतच राहायची भीती असते, त्यात जीवावर बेततं. तेव्हा ते “नाही” तुझं असेल, तिच्या तोंडून आलेलं.

तिला सांगावंच लागेल. एकट्याने औषध घेऊन उपयोगही नाही, पुन्हा एकमेकांकडून लागतं. जंतू सापडला तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, ते पूर्ण होईपर्यंत जवळ यायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. समजा तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तुझा निगेटिव्ह, तर? तुझ्यातला जंतू मधल्या काळात गेलेला असू शकतो, आणि बायकांमध्ये तो पुष्कळदा काही लक्षण न दाखवता राहतो. अशा वेळी तिच्याकडे तिरक्या नजरेने बघितलंस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

कसं सांगायचं? घरात नको, सुदामा नगरातल्या भिंती मला माहीत आहेत. सिरपूर तलावावर घेऊन जा, सकाळी. पुण्याचा सगळा पाढा वाचायची गरज नाही. “लग्नाआधी एकदा मला संसर्ग झाला होता, मी तो लपवला. तुलाही झाला असेल, तपासावं लागेल. रिपोर्ट माझा कमी आलाय.” मग गप्प बस. ती रडेल, चिडेल, माहेरी जाते म्हणेल. त्याच सकाळी माफी पदरात पाडून घ्यायच्या मागे लागू नकोस.

आईला यातलं शेवटचं वाक्य तेवढं सांग: रिपोर्ट माझा कमी आलाय. बाकीचं नवरा-बायकोत राहू दे. पण हे एक सांगच. खजराण्याच्या गणपतीच्या देवळात तुझ्या बायकोला नवसाचं उलटं स्वस्तिक काढायला लावताना त्या बाई समजताहेत की खोट सुनेतच आहे.

पुढचा काउंट लगेच करू नकोस. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा औषध संपल्यावर तेवढं थांब. आधीचे दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना घरून नेणार असशील तर तो अंगाच्या उबेत, तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. संध्याकाळी निघालास तर राजवाड्याकडच्या गर्दीतून जाऊ नकोस.

मावशी