पीडीएफ पाहून कागदाबद्दल लिहू नका

ताई, तुमची अडचण वाचली आणि चार वर्षांपूर्वीची माझीच गोष्ट आठवली. प्रकाशकाने तुम्हाला मोठ्यांसाठीच्या रंगवहीची पीडीएफ आणि एका कोझी मिस्टरीचं, म्हणजे रक्तपात न दाखवणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकथेचं, ई-बुक पाठवलं. तुम्ही दोन्हींबद्दल भरभरून लिहिलंत, आणि आता छापील वही घेतलेले लोक म्हणताहेत की मार्करचा रंग मागच्या चित्रावर उतरतोय. परीक्षण काढून टाकू का, असं विचारलंत. काढू नका.

माझ्याकडे आलेली पीडीएफ पक्ष्यांच्या चित्रांची होती. मी चार पानं घरी २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या, म्हणजे चांगल्या जाड) कागदावर छापली, अल्कोहोल मार्करने रंगवली आणि लिहिलं, 'कागद जाड आहे, रंग मागे उतरत नाही.' तो कागद मी स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला होता, वहीचा नव्हताच! लिहिताना हे माझ्या मनातही आलं नाही. खऱ्या वहीचा कागद झेरॉक्सच्या कागदासारखा, आणि चित्रं पाठपोट छापलेली. माझ्या शब्दावर एकीने तीन वह्या घेतल्या, दोन भेट द्यायला. तिने आठवडाभर बसून मोर रंगवला, पान उलटलं तर मागच्या बगळ्याच्या अंगभर निळे-हिरवे डाग. तिने फोटो पाठवला, रागाचा एक शब्द नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

आणि मग दुरुस्तीसाठी केलेली वणवण. ज्या खरेदीच्या साइटवर परीक्षण होतं, तिथे बदललेला मजकूर तीन वेळा नाकारला गेला. कारण काय, तर 'धोरणात बसत नाही.' कुठलं धोरण, कुठला शब्द, ते कुणी सांगेना. दर वेळी उत्तराखाली नाव वेगळं, मजकूर तोच. चुकीची स्तुती मिनिटभरात छापली जाते आणि खरी दुरुस्ती अडवली जाते, याचा मला आजही संताप येतो. शेवटी प्रकाशक आणि मोफत प्रत यांचा उल्लेख गाळून फक्त कागदाबद्दल लिहिलं, तेव्हा ते स्वीकारलं गेलं. म्हणजे जे उघड सांगायला हवं, तेच गाळावं लागलं. आपल्याकडे अ‍ॅस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात मोफत मिळालेली वस्तूही उघड करावी असं आहे. आपण हौशी मंडळी त्यात किती बसतो ते जाणकार सांगतील, पण मी तरी पहिल्याच ओळीत 'मोफत पीडीएफ मिळाली' असं लिहिते.

माझं मत जरा कडक आहे, पटलं तर घ्या. छापील प्रत हातात नसेल तर कागद, बांधणी, शाई याबद्दल अक्षर लिहू नये. रेषांबद्दल लिहा: किती बारीक आहेत, रंगवायच्या जागा किती छोट्या आहेत, तेच फूल पुन्हापुन्हा चिकटवलंय का. चित्रकार जोहाना बॅसफर्डच्या २०१३ च्या 'सीक्रेट गार्डन' या रंगवहीसारख्या नाजूक कामात जाड टोकाचा मार्कर चालतच नाही, हे कळायला पीडीएफ पुरते. प्रत मिळाली की शेवटच्या पानावर तुमच्याकडचं प्रत्येक साधन घासून बघा आणि कुठला मार्कर वापरला ते नावानिशी लिहा. मागणीनुसार छापलेल्या एकाच वहीच्या दोन प्रतींचा कागद वेगळा निघालेला मी पाहिलाय, म्हणून प्रत कधी घेतली तेही टाका. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्या दिवसांतली चाचणी मी धरत नाही.

कोझीबद्दल थोडक्यात. पहिला मृतदेह सापडेपर्यंतचंच कथानक सांगावं. खुनी कोण हे न सांगताही 'शेवटच्या वीस पानांत धक्का आहे' असं लिहिलं की अर्धं रहस्य फुटतं. त्यापेक्षा धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवलेत का, ते सांगा. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातही गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकाला लगेच दाखवावा असं आहे. 'रक्तपात नाही, थरार कमी' म्हणून तारे कापणाऱ्यांचं मला पटत नाही. हिंसा पडद्याआड ठेवायची, हीच तर या प्रकाराची रीत. आणि मागे केकची पाककृती असेल तर एकदा करून बघा, कोझीच्या वाचकांना ते हवं असतं.

आता तुमचं परीक्षण. जुना मजकूर तसाच ठेवा, वर तारीख घाला आणि लिहा: 'मी पीडीएफ माझ्या कागदावर छापली होती. छापील वहीत अल्कोहोल मार्कर मागे उतरतो.' ज्यांनी तक्रार केली त्यांना एकेकीला उत्तर द्या, आणि पानाखाली जाड कागद ठेवला तर निदान पुढचं पान वाचतं, हे सांगा. त्याच पानाची मागची बाजू मात्र वाचत नाही. अशा पातळ वहीला रंगीत पेन्सिलीच बऱ्या. त्यात प्रिझमाकलर प्रीमियर या कंपनीच्या पेन्सिली मेणाच्या असल्याने गडद थर दिला की काही दिवसांनी वर पांढुरकी साय येते, ती मऊ कापडाने हलकेच पुसावी. पॉलिक्रोमोस तेलाच्या, त्यांना हा त्रास नाही, पण महाग पडतात. मोरवालीने उरलेल्या दोन्ही वह्या पेन्सिलींनीच रंगवल्या.