जुन्या घरगुती व्हिडिओ डीव्हीडी संगणकावर कोऱ्या दिसत असतील किंवा मध्येच अडकत असतील, तर काय करावे?

आपण विचारले आहे की, २००६ ते २०१० या काळात हँडीकॅमवर आणि घरच्या संगणकावर तयार केलेल्या तीसेक डिस्कपैकी काही आता संगणकात घातल्यावर कोऱ्या दिसतात, काही पंधरा-वीस मिनिटे चालून अडकतात आणि घरची मंडळी ‘खराब झाल्या, टाकून द्या’ असे म्हणतात; अशा वेळी काय करावे. माझे पहिले उत्तर असे की एकही डिस्क टाकू नका. हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे त्याला आमच्या घरात चौदा वर्षे चाललेला एक वाद कारणीभूत आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढचे नीट सांगता येणार नाही.

आम्ही जुन्या नाशकातले तांबट. भांडी बाजारात आमचे छोटे दुकान होते आणि वडील, म्हणजे अण्णा, दुकानामागच्या खोलीत स्वतः काम करीत. २००७ च्या दिवाळीत मोठ्या भावाने, दादाने, आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारा हँडीकॅम घेतला. त्या डिस्कवर साधारण १.४ जीबी मजकूर मावतो आणि नेहमीच्या प्रतीत अर्ध्या तासाचे चित्रण होते. अण्णांनी तेव्हा एका गिऱ्हाइकासाठी तांब्याचे घंगाळ करायला घेतले होते, आणि त्याच्या मठारकामाचे सव्वीस मिनिटांचे चित्रण मी केले. अण्णा डाव्या हाताने घंगाळ ठोक्यागणिक किंचित पुढे सरकवीत आणि उजव्या हातातली हातोडी एकाच उंचीवरून पाडीत, त्यामुळे ठोक्यांच्या खुणा माळेसारख्या ओळीत बसत. काम करताना ते हातोडीकडे फारसे पाहत नसत. ठोका चुकला तर तो डोळ्याआधी कानाला कळतो, असे ते म्हणत. त्या दिवाळीत कॅमेऱ्याला वायर लावून ते चित्रण आम्ही टीव्हीवर दोन-तीनदा पाहिले आणि डिस्क दुकानाच्या खणात ठेवून दिली. ठेवली मी, आणि खण खालचा होता.

सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, आणि सराफ बाजार व भांडी बाजार या दोन्ही ठिकाणी पाणी शिरले. दुकान आवरताना ती डिस्क गाळात सापडली. मी ती धुऊन, वाळवून घरच्या संगणकात घातली, तर कोरी. ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे नेली, तर त्यानेही दोन मिनिटांत कोरी म्हणून परत दिली. त्या दिवसापासून दादाचे म्हणणे ठरून गेले की डिस्क पुरात गेली आणि ती माझ्या निष्काळजीपणामुळे गेली. २००९ मध्ये त्याने तो कॅमेरा विकला. २०१२ मध्ये अण्णा गेले. त्यांना काम करताना दाखवणारे दुसरे चित्रण आमच्याकडे नव्हते, आणि प्रत्येक वर्षश्राद्धाला तो विषय निघाला की मी खाली मान घालून बसत असे.

२०२२ मध्ये कपाट आवरताना ती डिस्क पुन्हा हातात आली आणि मी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. मधल्या भोकाजवळून सुरू झालेला एक गडद पट्टा जवळजवळ कडेपर्यंत पोहोचला होता, आणि कडेला बोटाच्या पेराहूनही अरुंद अशी फिकट कडी उरली होती. ज्या डिस्कवर घरी एकदाच लिहिता येते, तिच्यात रंगद्रव्याचा एक थर असतो. लेसरने जिथे लिहिले जाते तिथे तो थर बदलतो आणि तिरक्या प्रकाशात लिहिलेला व न लिहिलेला भाग साध्या डोळ्यांना वेगळा दिसतो. अशा एकथरी डिस्कवर लिहिणे आतून बाहेर होते. सव्वीस मिनिटांच्या चित्रणाला जेवढी जागा लागावी तेवढाच तो पट्टा होता. कोरी डिस्क अशी दिसत नाही, आणि दुरुस्तीवाल्याने ती एकदा उजेडात धरली असती तर चौदा वर्षे वाचली असती.

पुराचा दोषही तिथेच गळून पडला. डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिक चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते आणि मजकुराचा थर त्या दोघींच्या मध्ये बंद असतो. एक-दोन दिवस गाळाच्या पाण्यात पडल्याने तो थर कोरा होत नाही. डिस्क संगणकावर दिसत नव्हती त्याचे खरे कारण म्हणजे ती फायनलाइज केलेली नव्हती. चित्रण पूर्ण झाल्यावर डिस्क ‘बंद’ करावी लागते, म्हणजे कुठे काय आहे याची अनुक्रमणिका तिच्यावर कायमची लिहावी लागते. ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले तो कॅमेरा या अनुक्रमणिकेशिवायही डिस्क दाखवतो, म्हणून दिवाळीत टीव्हीवर सगळे व्यवस्थित दिसले. संगणकाला मात्र ती कोरी वाटते. कॅमेरा विकण्यापूर्वी त्याच्या मेनूमधला तो एक पर्याय दाबला असता तर काम झाले असते. तो दाबायला हवा होता हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते, पण कॅमेरा विकणाऱ्याने विकण्याआधी विचारायला हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे.

पंचवटीतल्या लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका जुन्या माणसाकडे त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला कॅमेरा पडून होता. फायनलाइज करताना मध्येच वीज गेली तर डिस्क कायमची जाऊ शकते, म्हणून कॅमेरे बॅटरीवर हे काम करू देत नाहीत किंवा निदान अ‍ॅडॉप्टर लावायला सांगतात. त्या कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर शोधण्यातच आठवडा गेला. प्रत्यक्ष कामाला अकरा मिनिटे लागली. नंतर डिस्क संगणकात घातली, फोल्डर उघडला, व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिली फाइल लावली, आणि चित्र दिसण्याआधी ठोके ऐकू आले.

आता तुमच्या डिस्ककडे वळतो. कोऱ्या दिसणाऱ्या सगळ्या डिस्क आधी अशाच उजेडात धरून पाहा. ज्यांच्यावर पट्टा आहे त्या वेगळ्या काढा आणि विंडोजने ‘ही डिस्क कशी वापरायची’ असे विचारले तर खिडकी रद्द करून बंद करा. तिथे होकार देऊन पुढे गेलात तर त्याच डिस्कवर नव्याने लिहिले जाईल आणि मग उपाय उरणार नाही. मूळ कॅमेरा घरात असेल तर त्याच्यातच फायनलाइज करा. तो नसेल तर आयसोबस्टर हा प्रोग्रॅम फायनलाइज न केलेल्या डिस्कमधूनही चित्रण शोधून काढू शकतो, मात्र त्यातल्या काही सोयींना पैसे मोजावे लागतात. लॅपटॉपला ट्रेऐवजी नुसती फट असेल तर छोटी डिस्क तिच्यात कधीही घालू नका, ती आत अडकते.

मध्येच अडकणाऱ्या डिस्कचा प्रकार निराळा आहे. त्या थेट डिस्कवरून पाहण्याचा हट्ट सोडा आणि आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. उतरवण्यापूर्वी डिस्क पुसून घ्या. त्याला कोमट पाणी, भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड पुरेसे आहे; पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून पुसू नका, कारण गोल ओरखडा मजकुराच्या रेषेला धरून जातो आणि त्यातून सावरणे ड्राइव्हला अवघड जाते. ओरखड्यांवर टूथपेस्ट घासण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उतरवताना ‘सायक्लिक रिडंडन्सी’ असा दोष दाखवून काम थांबले, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करा. एकीला न वाचता आलेली डिस्क दुसरी वाचते हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा जुन्या डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हवर माझा अधिक विश्वास आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालवता येत असेल तर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरचा मजकूर उतरवून घेणारा प्रोग्रॅम वापरा. तो सोपे भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेले काम पुढे नेता येते. चित्रण शेवटी-शेवटी अडकत असेल तर कडेचे बोटांचे ठसे आधी पाहा, कारण शेवटचा भाग कडेलाच असतो.

एकही डिस्क चालत नसेल तर दोष डिस्कचा नसण्याचीच शक्यता अधिक. विंडोज ८ पासून डीव्हीडी दाखवण्याची सोय विंडोजमधूनच काढून टाकलेली आहे, म्हणून व्हीएलसी घ्या, ते फुकट आहे. यूएसबीची बाहेरची ड्राइव्ह थांबत-थांबत चालत असेल तर तिला वीज अपुरी पडत असू शकते. ती डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या इथे लिहितो. पाण्याबद्दल मी जे म्हटले ते डीव्हीडीपुरतेच खरे आहे. सीडीचा परावर्तक थर लेबलाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे तुमच्याकडे व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडी, असतील तर त्यांच्या वरच्या बाजूला ओरखडा किंवा टोकदार पेनही चालत नाही, शिवाय व्हीसीडीवरच्या चित्राला दोषदुरुस्तीचे संरक्षण साध्या डेटा सीडीपेक्षा कमी असते. रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खरोखरच उडतो, आणि तो थर उडालेल्या डिस्कला फायनलाइज करून काही मिळत नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात फायनलाइज करणे म्हणजेही डिस्कवर लिहिणेच आहे, तेव्हा त्या कॅमेऱ्यातली डिस्कवर लिहिणारी लेसरची लेन्स चांगली आहे का हे आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या डिस्कवर पाहून घ्या. मी ते केले नव्हते आणि निभावले, एवढेच.

घरी ‘टाकून द्या’ कोण म्हणते ते तुम्ही लिहिलेले नाही. ज्या कोणी हँडीकॅम घेतला होता, त्यांच्याकडे तो अजून असेल तर आजच फोन करून विकू नका म्हणून सांगा, आणि अ‍ॅडॉप्टर कुठे आहे तेही त्याच फोनवर विचारून घ्या.