वाचकांचे प्रश्न : ‘अकिरा’मधील रात्र

प्रश्न : कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ हा जपानी ॲनिमेशनपट अलीकडेच पाहिला. तो १९८८ सालचा असूनही संगणकावर घडवलेल्या आजच्या अनेक चित्रपटांपेक्षा अधिक जिवंत वाटतो. असे का?

उत्तर : याचे पहिले कारण म्हणजे चित्रांची संख्या. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम सरकतात. मात्र जपानी दूरचित्रवाणीवरील मालिकांमध्ये खर्च वाचवण्यासाठी एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवण्याची पद्धत रूढ होती. ‘अकिरा’ने ही काटकसर बाजूला ठेवली आणि सुमारे १ लाख ६० हजार सेल, म्हणजे रंगवलेले पारदर्शक पत्रे, वापरले. जपानमध्ये सहसा आधी चित्रे पूर्ण होतात आणि मग कलाकार त्यांवर आवाज देतात. येथे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांबरहुकूम ओठांची हालचाल रेखाटली गेली. संगणकाचे साहाय्य अगदी मोजक्या ठिकाणी आहे. बाकी सारे हाताचे काम आहे.

तरीही केवळ चित्रे वाढवल्याने हा परिणाम साधला असता, असे मला वाटत नाही. चित्रपटाचा मोठा भाग रात्री घडतो, आणि रात्र रंगवणे हे ॲनिमेशनमधले अवघड काम. काळ्या-निळ्या छटांवर भागवले, की सगळे दृश्य सपाट दिसू लागते. ओतोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२७ रंगछटा वापरल्या आणि त्यांपैकी ५० या चित्रपटासाठी खास तयार करवून घेतल्या. त्यामुळे निओ-टोकियो या कथेतील भविष्यकालीन महानगराच्या अंधारात गडद हिरवा, मातकट लाल, जांभळट करडा असे कितीतरी अंधार आहेत, आणि जाहिरातींचे दिवे त्यांवर खरोखर प्रकाश टाकत असल्यासारखे भासतात. सुरुवातीच्या पाठलागात मोटारसायकलींच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेषा हवेत क्षणभर रेंगाळतात, त्या नीट पाहाव्यात. वेग दाखवण्यासाठी वाहनापेक्षा त्याने मागे सोडलेला प्रकाश रेखाटण्याची ही कल्पना मला चित्रपटातील सर्व स्फोटांहून अधिक मोलाची वाटते. याच पाठलागाला ‘गेइनो यामाशिरोगुमी’ या समूहाच्या संगीतातील बाली बेटावरील बांबूच्या वाद्यांचा ठेका लाभला आहे, हेही विसरून चालणार नाही.

प्रश्न : दृश्ये थक्क करतात, पण उत्तरार्धात कथा हातातून निसटते. समजण्यात माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ओतोमो यांची याच नावाची चित्रमालिका १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये संपली. तिचे सहा खंड दोन हजारांहून अधिक पानांचे आहेत. चित्रपट १६ जुलै १९८८ रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे मूळ कथा पूर्ण होण्यापूर्वीच. टोकियो उद्ध्वस्त करणारा पहिला स्फोटही चित्रपटात त्याच दिवशी होतो, ही दिग्दर्शकाची खोचक गंमत. एवढा पसारा दोन तासांत बसवताना अनेक पात्रांची पार्श्वभूमी गळाली, आणि मालिकेत जितीजागती व्यक्ती म्हणून वावरणाऱ्या अकिराचे स्थानही पार बदलले.

कथेचा धागा हाती ठेवायचा असेल, तर लष्कर आणि आंदोलक यांच्या डावपेचांचा माग काढत बसू नये. कानेदा आणि तेत्सुओ या दोन अनाथ मित्रांकडे लक्ष ठेवावे. कानेदा नेहमी पुढे, तेत्सुओ नेहमी त्याच्या सावलीत. आणि एके दिवशी प्रचंड शक्ती लाभते ती नेमकी तेत्सुओला. त्याचे शरीर पुढे जे विक्राळ रूप धारण करते, त्यामागे ही जुनी सल आहे. तेवढे ध्यानात आले, की शेवटाकडील गोंधळही बराचसा अर्थपूर्ण वाटू लागतो.

प्रश्न : दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा चित्रपट दाखवावा का?

उत्तर : दाखवू नये. रक्तपात सढळ आहे, एका मुलीवरील हल्ल्याचे दृश्य आहे, आणि शरीर विद्रूप होण्याची दृश्ये मोठ्यांनाही अस्वस्थ करतात. सोळा-सतराव्या वर्षी, शक्यतो मोठ्या पडद्यावर, अवश्य पाहू द्यावा.