अँजिओप्लास्टीनंतर व्यायामाची भीती वाटते, ती कशी घालवावी?

अँजिओप्लास्टीला सात आठवडे झाले, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, तरी छाती धडधडू लागताच आपण कोपऱ्यावरूनच घरी परतता, असे आपण लिहिले आहे. तीन वर्षांपूर्वी माझी हीच अवस्था होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर दोन स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्या, घेऊन मी घरी आलो आणि पुढचा दीड महिना तिसऱ्या मजल्यावरून केवळ तपासणीसाठी खाली उतरलो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून मी मनगटावर बोटे ठेवत असे.

या भीतीची लाज वाटू देऊ नका. धडधड, घाम, धाप हे झटक्याच्या वेळी जाणवलेले सारे भरभर चालतानाही जाणवते, आणि एकदा पोळलेले मन त्यांत फरक करायला तयार होत नाही. शिवाय भीतीनेही धडधड वाढतेच. त्यात जुन्या समजुतींची भर पडते. एके काळी झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेही धाडसच होते.

माझी भीती कोणाच्या समजावण्याने गेली नाही, देखरेखीखाली चालल्यानेच गेली. डॉक्टरांनी मला हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात पाठवले. पहिल्या दिवशी छातीवर ईसीजीच्या तारा लावून ट्रेडमिलवर उभे केले, तेव्हा मी दांडी इतकी घट्ट आवळली होती की फिजिओथेरपिस्टबाईंना माझी बोटे एकेक करून सोडवावी लागली. मग त्यांनी मला पुण्याहून साताऱ्यापर्यंतची गावे मोठ्याने सांगायला लावली. कात्रज, खेड शिवापूर, नसरापूर, शिरवळ अशी मी न अडखळता सांगत गेलो. "चालताना नीट बोलता येते आहे, म्हणजे वेग बरोबर आहे," असे त्या म्हणाल्या. नाडीवर विसंबू नका, हेही त्यांनीच सांगितले, कारण मला हृदयाचे ठोके आवरणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू होती आणि तिच्यामुळे श्रम वाढले तरी नाडी तेवढी वाढत नाही. त्याऐवजी भिंतीवर स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी, आपल्याला किती श्रम वाटतात ते आपणच आकड्यात सांगायची पट्टी होती; त्यावर ११ ते १३, म्हणजे हलके ते थोडे जड वाटेल इतपतच चालायचे.

छातीत दाब आला किंवा आवळल्यासारखे झाले, कळ जबड्यात वा हातात उतरली, भोवळ आली किंवा गार घाम फुटला, तर मात्र तिथेच बसावे, डॉक्टरांनी दिलेली असल्यास जिभेखालची गोळी घ्यावी आणि पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ ला फोन करावा. हे सारे मी एका चिठ्ठीवर लिहून गोळीसोबत खिशात ठेवले होते. काय झाले तर थांबायचे हे नक्की ठाऊक झाल्यावर साध्या धापेचा धाक उरला नाही.

तेव्हा आपल्या डॉक्टरांना ट्रेडमिल चाचणीविषयी आणि अशा केंद्राविषयी स्पष्ट विचारा. केंद्र जवळ नसेल, तर त्यांच्याकडून वेग आणि वेळ ठरवून घेऊन सपाट रस्त्यावर, जेवणानंतर लगेच नव्हे, सुरुवात करा. पहिली आणि शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश चाला.

घरच्यांनाही एकदा सोबत न्या. मी खुर्चीतून उठलो की माझी पत्नी माझ्याआधी दारात उभी असे. मी केंद्रात जाऊ लागल्यावर चौथ्या आठवड्यात ती तिथे आली आणि अर्धा तास पडद्यावरची ईसीजीची रेघ एकटक पाहत बसली. त्या संध्याकाळी तिने मला एकट्याला दूध आणायला खाली पाठवले.