स्क्रम म्हणजे झुंबड नव्हे

प्रश्न असा आहे: रग्बीतला इंग्रजी 'स्क्रम' आणि जर्मन 'गेड्रेंगे' यांचा अर्थ एकच का, आणि मराठीत 'झुंबड' म्हटलं तर चालेल का?

झुंबड नको. चेंडूवर चार जण तुटून पडले की 'स्क्रम झाला' म्हणतात, ते ऐकून कान किटले. चेंडू जमिनीवर असताना त्याच्यावर उभ्याने जी रेटारेटी होते तो रक. चेंडू हातात धरलेल्याभोवती होते तो मॉल. स्क्रम पंचांच्या हुकमानं रचतात. चेंडू हातून पुढे निसटला, पुढे पास दिला, अशा किरकोळ चुकीनंतर दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून वाकतात, खांद्याला खांदा भिडवतात आणि मधल्या बोळात चेंडू सरकवला जातो. याच्याइतकं शिस्तीचं खेळात दुसरं काही नाही.

सॉफ्टवेअरमधला 'स्क्रम', म्हणजे रोजच्या छोट्या बैठका घेत गटानं काम करायची पद्धत, हा शब्द आद्याक्षरांपासून बनला, असं सांगणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या जपानी व्यवस्थापन-अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तल्या लेखात रग्बीची उपमा वापरली; शब्द तिथून आला.

आता खरी गंमत. स्क्रम हे 'स्क्रमेज'चं लघुरूप, स्क्रमेज हे 'स्क्रिमेज'चं रूपांतर, आणि स्क्रिमेज आला 'स्कर्मिश'वरून, म्हणजे चकमक. बहुतेक जण इथंच थांबतात आणि 'मूळ अर्थ मारामारी' असा निकाल देतात. हा निकाल अर्धवट आहे. स्कर्मिश इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथं त्याचा अर्थ तलवारीचे हात करणं. तलवारबाजीला फ्रेंच लोक आजही 'एस्क्रीम' म्हणतात. फ्रेंचांनी तो घेतला जर्मानिक बोलींकडून, आणि जुन्या जर्मनमधल्या 'स्किर्मन'चा अर्थ होता रक्षण करणं, आडोसा देणं! त्याच कुळातला आजचा जर्मन शब्द 'शिर्म'. 'रेगनशिर्म' म्हणजे छत्री, 'बिल्डशिर्म' म्हणजे संगणकाचा पडदा. बिल्डशिर्मसमोर बसून रोज स्क्रम करणारा पुण्यातला अभियंता एकाच धातूची दोन रूपं वापरत असतो.

माझं ठाम मत आहे की स्क्रममध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. हूकरनं, म्हणजे पुढच्या रांगेतल्या मधल्या गड्यानं, टाचेनं मागे ओढलेला चेंडू आठ जणांच्या देहांच्या आडोशाला असतो, आणि मागे थांबलेला गडी, म्हणजे स्क्रम-हाफ, तो उचलेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला सहजी मिळत नाही. हे रक्षणच आहे.

गंमत अशी की जर्मनांनी स्वतःच्या घरचा हा शब्द रग्बीसाठी घेतलाच नाही. त्यांचा 'गेड्रेंगे' आला 'ड्रेंगन'वरून, म्हणजे रेटणं. स्क्रम-हाफ त्यांच्याकडे 'गेड्रेंगेहाल्ब'. मैदानावर दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे, पण मैदानाबाहेर गेड्रेंगे म्हणजे गर्दीतली चेंगराचेंगरी, आणि 'गेड्रेंगेत सापडणं' म्हणजे अडचणीत येणं. म्हणून जर्मन सहकाऱ्याला कार्यालयातल्या बैठकीबद्दल सांगताना गेड्रेंगे म्हणू नका. तिथं तेही स्क्रमच म्हणतात.