ऑस्कर असताना ॲनी कशाला?

प्रश्न: ताई, मी नाशिकला ॲनिमेशनच्या सेकंड इयरला आहे. आमचे सर म्हणतात ॲनी ॲवॉर्ड म्हणजे ॲनिमेशनवाल्यांचं ऑस्कर. पण ऑस्करमध्ये ॲनिमेशनला ॲवॉर्ड आहेच की, मग हे वेगळं कशाला? आणि ॲनी मिळालं की ऑस्कर पक्कं का?

उत्तर: अरे, उशिरा आले ते ऑस्करवाले! ॲनी 1972 पासून चालू आहे, लॉस एंजेलिसची असिफा-हॉलिवूड संस्था देते, आणि ऑस्करमध्ये ॲनिमेशन फीचरची, म्हणजे पूर्ण लांबीच्या पिक्चरची, कॅटेगरी आली ती थेट 2001 च्या पिक्चरांपासून (शॉर्ट फिल्मला आधीपासून होतं, ते सोड). कल्पना जून फोरे बाईंची, ट्वीटीच्या कार्टूनमधल्या चष्मेवाल्या आजीचा आवाज वर्षानुवर्षं त्यांचाच. पहिल्या वेळी नुसतं जेवण आणि 'बेटी बूप' कार्टूनवाल्या फ्लायशर बंधूंचा सत्कार. फीचरला ॲनी द्यायला 1992 उजाडलं.

पण खरी मजा बेस्ट पिक्चरमध्ये नाहीच. ऑस्करमध्ये एक ॲनिमेशन फीचर निवडलं की विषय संपला, ॲनीत मात्र स्टोरीबोर्ड (सीनची आधी काढलेली कच्ची चित्रं), कॅरेक्टर डिझाइन, कॅरेक्टर ॲनिमेशन, एडिटिंग, व्हॉइस, सगळ्याला वेगवेगळं, म्हणजे जो पठ्ठ्या महिनोन्महिने एकाच पात्राच्या हातवाऱ्यांवर डोळे फोडत बसतो त्याचंही नाव स्टेजवरून घेतलं जातं. ट्रॉफीपण झोट्रोपची, म्हणजे कडेला फटी असलेला गोल डबा, गरागरा फिरवून फटीतून बघितलं की आतली चित्रं पळायला लागतात.

आणि ऑस्कर पक्कं? छे! 2020 ला 'क्लाउस'नं 7 ॲनी नेले, ऑस्कर गेलं 'टॉय स्टोरी 4' ला. 2009 ला तर कहरच, 'कुंग फू पांडा'ला 10 ॲनी, डिस्ने-पिक्सारच्या 'वॉल-ई'ला भोपळा, आणि महिन्याच्या आत ऑस्कर 'वॉल-ई'ला! तेव्हा फी भरली की कुणीही मेंबर होऊन मत द्यायचं, एखाद्या स्टुडिओनं आपले लोक गठ्ठ्यानं मेंबर केले की झालं, त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली आणि 2010 मध्ये डिस्नेनं पिक्सारसकट अंगच काढून घेतलं. नंतर मतदान फील्डमधल्या लोकांपुरतं ठेवलं, डिस्नेपण परत आलं. माझ्या मते ते भांडण झालं हे बरंच झालं.

आणि हो, स्टुडंट फिल्मची वेगळी कॅटेगरी आहे तिथे. नियम त्यांच्या साइटवरच बघ, दरवर्षी नवे येतात.